पिछाडीची पितळी सोंगटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी सोंगटी आहे. उंची एक इंच आणि कमरेला एक बारीक काप. माझं काम हरण्याचं आहे. तुम्ही म्हणाल, हरायला काम कशाला लागतं, ते आपोआप होतं. आपोआप होतं ते पटकन हरणं. मला सावकाश हरायचं असतं, आणि त्याचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

माझा जन्म अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये, लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर झाला. लेथ चालवायचे दौलतराव. बदलापूरच्या पुढे त्यांचं गाव, घरची भातशेती. सकाळी शेतावर आणि दुपारच्या पाळीला लेथवर, असा माणूस. मी ज्या पितळी सळईतून निघाले ती त्यांनी उल्हासनगरच्या भंगार बाजारात धर्मेशशेठकडून आणली होती. शेठनी विचारलं होतं, "किसका पार्ट बनाना है?"

"रशिया का," दौलतराव म्हणाले.

"फिर थोड़ा ज़्यादा ले जाओ. बड़ा देश है."

अशा तऱ्हेने माझा देश ठरला.

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते विष्णुपंत. ते अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात चेकर होते. इतरांनी काढलेलं ड्रॉइंग तपासायचं, चूक दिसली की लाल पेन्सिलीने गोल करून परत पाठवायचं, आणि एकही चूक नसली तर उजव्या कोपऱ्यातल्या 'तपासले' या चौकोनात सही करायची. हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. घरी भाजीची यादीसुद्धा ते तपासल्याशिवाय पिशवीत ठेवत नसत.

दौलतरावांशी त्यांची ओळख एका नटामुळे झाली. दौलतरावांच्या वर्कशॉपने कारखान्याला पुरवलेला तो नट ड्रॉइंगपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा होता, आणि वर्कशॉपच्या मालकाला ते दोन महिने पटत नव्हतं. दौलतरावांना मात्र लगेच पटलं. मैत्रीला एवढं कारण पुरलं.

दोघांनी ठरवलं, दर रविवारी दुपारी चार वाजता काहीतरी खेळायचं. पत्ते पंतांना आवडत नव्हते, बुद्धिबळात दौलतराव झोपायचे. पंतांनी लढाईचा खेळ सुचवला. पण लढाई कुठली? भारत-पाकिस्तान घेतली तर दोघांपैकी एकाला पाकिस्तान व्हावं लागलं असतं. मराठे-मोगल घेतली तरी तीच अडचण. शेवटी पंतांनी वाचनालयातून अशी लढाई शोधून आणली, जिच्यात दोघांचंही कुणी नातेवाईक नव्हतं.

ती लढाई अशी. रशियाने फिनलंड नावाच्या छोट्या देशाचा एक लांबलचक तुकडा घेतला होता. पुढे १९४१ च्या जुलै महिन्यात, जर्मनी रशियावर चालून गेला असताना, फिनलंडने संधी साधून तो तुकडा परत घ्यायला चढाई केली. त्या जंगलात रशियाचं सैन्य कमी होतं. त्याला जिंकायचं नव्हतंच. एका वाटेवर उभं राहायचं, समोरच्याला थांबवायचं, मागे सरायचं, पुढच्या वाटेवर पुन्हा उभं राहायचं. मागे लाडोगा नावाचं समुद्राएवढं तळं होतं. तिथे बोटी यायच्या होत्या आणि सैन्याला घेऊन जायच्या होत्या. तोवर वेळ काढायचा. यात कोण बरोबर आणि कोण चूक, हे मला विचारू नका. मी पितळ आहे.

पंतांनी नकाशा काढला. कारखान्यातून कागदाचा कपटाही बाहेर नेता येत नाही, म्हणून त्यांनी कागद बाजारातून विकत आणला आणि वर तशी नोंदही लिहून ठेवली. जंगल हिरवं, तळी निळी. लाडोगा इतका मोठा झाला की टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत राहिला. दौलतरावांची फिनलंडची फौज लोखंडाची, पंतांची आम्ही पितळेची. बोट म्हणून कुमुदिनीबाईंची साबणाची डबी. कुमुदिनीबाई म्हणजे पंतांच्या पत्नी. एका फेरीत डबीत चार सोंगट्या बसायच्या.

माझ्या कमरेला काप आहे तो ओळखण्यासाठी. मी पिछाडीची सोंगटी. बाकीच्या बोटीत चढेपर्यंत मी सोर्तावला गावाबाहेरच्या चौकात उभं राहायचं, असा नियम. दौलतराव त्या गावाला 'सोरटवाडी' म्हणायचे आणि ती कर्जत बाजूला असल्यासारखं बोलायचे. चाळीस वर्षांत मी एकदाही साबणाच्या डबीत बसले नाही. शेवटच्या फेरीला मला उचलून सुपारीच्या डब्यात टाकायचे. तो कैद्यांचा डबा. खेळ संपला की आतून कुमुदिनीबाई विचारायच्या, "अहो, रशिया हरला का आज?"

"हरला," पंत म्हणायचे. "पण वेळ घेतला."

"मग चहा टाकते."

सात वर्षांपूर्वी हा चहा बंद झाला. काचबिंदूने कुमुदिनीबाईंची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं सगळं गेलं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं, मुलाने बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल केला, आणि नंतर घरात दोघंच उरली.

पण मित्रांनो, बाई हरल्या नाहीत. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची प्रभातकिरण सोसायटी. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर त्यांनी हाताने पाठ केलं. पलंगापासून अकरा पावलं, मग उजव्या हाताला फ्रिज, फ्रिजच्या थंड कडेवरून डावीकडे वळलं की न्हाणीघर. शोकेसच्या फुटलेल्या कोपऱ्यापासून चार पावलांवर देव. टेबलाच्या कोपऱ्याला हात लागला की ओट्याची सुरुवात. दोन वर्षांत त्या कुणाचाही हात न धरता घरभर फिरू लागल्या आणि एका रविवारी पुन्हा चहा आला. कपात आला, बशीत थोडा आला. दौलतराव बशीतला आधी प्यायले.

घरात फक्त एक नियम होता. काहीही हलवायचं नाही. खुर्ची सरकवली तर जिथे होती तिथे परत ठेवायची. पंतांनी फरशीवर खडूने खुर्चीच्या चार पायांच्या खुणा केल्या होत्या.

आणि मग इमारत पाडायचं ठरलं.

मी कुणाला दोष देत नाही. इमारत थकलेली होती. चौथ्या मजल्यावरच्या मीनलच्या स्वयंपाकघरात छताचा पोपडा सुटून थेट कुकरवर पडला होता. तिने त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'तीन शिट्ट्यांनंतर'. बिल्डर आला, चकचकीत कागद आले. त्या कागदांवरच्या कुटुंबातली सगळी माणसं, आजीसकट, विनाकारण हसत होती. चोवीसपैकी तेवीस घरांनी सह्या केल्या. चोविसावं घर पंतांचं.

सोसायटीच्या सभेत पंतांनी कारण एकदाच सांगितलं. नवी इमारत व्हायला तीन वर्षं. तोवर भाड्याचं घर, मग पुन्हा नवं घर. म्हणजे जिला दिसत नाही अशा चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने दोन घरं नव्याने पाठ करायची. सेक्रेटरी सहानुभूतीने म्हणाले, "काका, काकू सेट होतील हो. बाथरूममध्ये अँटी-स्किड टाइल्स आहेत." सभेने मान डोलावली. पंत खाली बसले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. लोकांचं मत पडलं की म्हाताऱ्याला दोन पार्किंग हवीत. पंतांकडे वाहन म्हणून एक सायकल होती आणि तिला चेन नव्हती.

बिल्डरच्या वतीने सह्या गोळा करायला जो आला त्याला पाहून मला घाम फुटला असता, पितळेला तशी सोय असती तर. तो सुयोग होता. दौलतरावांचा मुलगा. शेत विकल्यावर त्याने या धंद्यात नोकरी धरली होती.

"काका, टेन्शन नका घेऊ. ड्रॉइंग एकदम फर्स्ट क्लास आहे. फक्त इथे कोपऱ्यात 'तपासून मान्य' लिहिलंय ना, तिथे एक सही."

पंतांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं. कोपरा वर उडत होता, म्हणून त्यावर मला ठेवलं. वीस मिनिटांनी ते म्हणाले, "सुयोग, या जिन्याला पंधरा पायऱ्या हव्यात. इथे चौदाच आहेत. माणूस शेवटच्या मजल्यावर उडी मारून जाणार का?"

लाल गोल पडला आणि ड्रॉइंग परत गेलं.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आलं. या वेळी लिफ्टचं दार एका खांबात उघडत होतं. मग न्हाणीघराचं पाणी देवघराकडे वाहत होतं. मग उत्तर दिशा दोन कागदांवर दोन बाजूंना होती. आठ वेळा ड्रॉइंग आलं आणि आठ वेळा परत गेलं. मित्रांनो, यात पंतांनी एकही खोटी चूक काढली नाही. ते एका वाटेवर उभे राहत होते, थांबवत होते, मागे सरत होते, पुढच्या वाटेवर पुन्हा उभे राहत होते. हे मला ओळखीचं होतं. फरक इतकाच की मागे तळं नव्हतं आणि कुठलीही बोट यायची नव्हती.

ग्रुपवर 'पंतकाकांनी पुन्हा लाल केलं' असा निरोप यायचा आणि खाली तेवीस घरांची तोंडं वाकडी व्हायची. एकदा जिन्यात मीनल भेटली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "काका, रात्री मी मुलीला हॉलमध्ये झोपवते. आतलं छत वाजतं."

हे पंतांनी घरी सांगितलं नाही. पण कुमुदिनीबाईंना जिन्यातलं बोलणं ऐकू यायचं. डोळे गेल्यापासून त्यांना सगळंच ऐकू यायचं.

"अहो, करा सही," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी लोकांच्या डोक्यावर छत पाडू नका."

"ड्रॉइंग चुकीचं आहे," पंत म्हणाले.

"आणि बरोबर आलं तर?"

पंत लाल पेन्सिलीला टोक करत बसले.

रविवारचा खेळ मात्र चालूच होता. एका रविवारी दौलतरावांची एक चाल उरली होती. ती खेळली की चौक त्यांचा, आणि मी सुपारीच्या डब्यात. त्यांनी लोखंडी सोंगटी उचलली, हवेत धरली आणि परत खाली ठेवली.

"माझी तुकडी चिखलात अडाकली, पंत. या फेरीला नाय येत."

"दौलतराव, तिथे त्या दिवसांत कोरडं होतं. पुस्तकात आहे."

"बदलापुरात चिखल हाय ना."

पंतांनी चष्म्यावरून पाहिलं. दौलतराव नकाशाकडेच बघत म्हणाले, "माजा पोरगा तुमच्या घरावर चाल करून येतोय, न मी हितं बसून सोंगट्या हलवतोय. लाज वाटते मना."

"तो त्याचं काम करतोय. आणि सुधारतोय. आठव्या ड्रॉइंगमध्ये दोनच चुका होत्या."

"म्हंजे नवव्यात..."

"चाल करा, दौलतराव."

"सांगितला ना, चिखल हाय."

नववं ड्रॉइंग त्यानंतरच्या रविवारी आलं. आम्ही टेबलावरच होतो. सुयोगने आमच्यावरच, लाडोगाच्या पाण्यावर, कागद पसरला. दौलतराव खुर्ची न सरकवता उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला उजव्या कोपऱ्यावर ठेवलं गेलं, त्या चौकोनाच्या अगदी शेजारी.

पंत वाचू लागले. पायऱ्या मोजल्या. खांब पाहिले. पाण्याचा उतार बोटाने वाहून पाहिला. उत्तर दिशा सगळीकडे उत्तरेलाच होती. पाऊण तास झाला. लाल पेन्सिल हातात होती, पण तिचं टोक कागदाला लागत नव्हतं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मीच बसलो काका, ड्राफ्ट्समनच्या शेजारी. तुमच्या आठही कागदांवरच्या लाल खुणांची लिस्ट केली. एकेक टिक करत गेलो."

"छान," पंत म्हणाले. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "फार छान."

आणि मित्रांनो, पुढचं मी एक इंचावरून पाहिलं. पंतांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, खिशातलं पेन काढलं, टोपण मागे लावलं, आणि ज्या हाताने चौतीस वर्षं बरोबर ड्रॉइंगवर सही केली होती त्या हाताने सही केली. खाली तारीख घातली. तारखेखाली एक छोटी रेघ ओढली. ही रेघ ते समाधान झालं तरच ओढायचे.

मग त्यांच्या लक्षात आलं.

मला पडता आलं असतं. सहीच्या आधी, नेमक्या वेळी, शाईच्या वाटेत गडगडता आलं असतं. पण सोंगटीला हात लावणारा लागतो. मी ज्या कोपऱ्यावर होते तो कोपरा नीट दाबून धरला होता. माझ्यामुळेच कागद हलला नाही आणि सही स्वच्छ आली.

सुयोगचा चेहरा, ज्याला हवं ते मिळालंय अशा माणसाचा मुळीच नव्हता.

"काका," तो हळूच म्हणाला, "मी फाडतो हा. सांगतो चाय सांडली. दुसरी प्रिंट आणायला आठवडा जाईल, मग बघू ना."

"फाड," दौलतराव खिडकीतून म्हणाले. "फाड रं."

"बरोबर ड्रॉइंग फाडायचं?" पंत म्हणाले. त्यांच्या आवाजातला धक्का खराखुरा होता. "वेड लागलंय का तुम्हाला?"

त्यांनी मला बाजूला केलं, कागदाची सरळ गुंडाळी केली आणि सुयोगच्या हातात दिली. सुयोगने ती दोन्ही हातांनी घेतली. दारापर्यंत गेला, परत आला, पंतांच्या पाया पडला आणि गेला.

आतून आवाज आला, "अहो, रशिया हरला का?"

त्या दिवशी पंतांनी नुसती नकाशाची घडी घातली. चहा झाला नाही. कुमुदिनीबाई अकरा पावलं चालल्या, फ्रिजच्या कडेला हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. थंड कडेवरून बोटं वरखाली फिरवत.

घर सोडायला दोन महिने मिळाले. पंतांनी ते मोजमापात घालवले. जुन्या घराचं संपूर्ण ड्रॉइंग काढलं, बाईंच्या पावलांच्या मापाने. ते घेऊन बदलापूरला कात्रपच्या बाजूला एकोणीस भाड्याची घरं पाहिली. एजंटला ते सांगायचे, "पलंगापासून अकरा पावलं, मग डावीकडे दार." एजंट म्हणायचा, "काका, हवेशीर आहे." शेवटी त्यातल्या त्यात जवळचं घर घेतलं. अकरा पावलं जुळली. फ्रिजही उजव्या हाताला बसला. पण न्हाणीघराचं दार त्याच्या अलीकडे, दोन हात आधीच होतं. भाड्याच्या घराचं दार लाल पेन्सिलीने हलवता येत नाही.

पहिल्या सकाळी कुमुदिनीबाई उठल्या. अकरा पावलं चालल्या, फ्रिजवरून ठरल्याप्रमाणे वळल्या आणि भिंतीवर आदळल्या. कपाळाला लागलं. त्या रडल्या नाहीत. भिंतीवर दोन्ही तळवे ठेवून म्हणाल्या, "अहो, इथे भिंत कुणी आणली?"

पंत खोक्यांत हळदीचा डबा शोधू लागले.

तिसऱ्या दिवसापासून त्या पलंगावरून उठेनाशा झाल्या. पंत म्हणायचे, मी धरतो. त्या म्हणायच्या, नंतर. जी बाई डोळे गेल्यावर हरली नव्हती ती दोन हात चुकलेल्या दारापुढे बसून राहिली.

रविवारी दौलतराव आले. सामान अजून खोक्यांत होतं, पण पंतांनी नकाशा पसरला होता. दौलतराव खेळायला बसले नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, "वहिनी, चालताना हात कुटं असतो तुमचा?"

"इथे," बाईंनी हात कमरेच्या थोडा वर धरून दाखवला.

दौलतरावांनी पट्टीने उंची घेतली. मग नकाशावरून, सोर्तावलाच्या चौकातून, मला उचललं. मला वाटलं, सुपारीचा डबा. पण त्यांनी पिशवीतून ड्रिल काढलं. ज्या माणसाने मला लेथवर जन्म दिला त्यानेच माझ्या पोटातून भोक पाडलं. दुखलं का म्हणाल, तर कुणी विचारलं नाही. मग न्हाणीघराच्या चौकटीवर, बाईंच्या हाताच्या उंचीवर, त्यांनी मला स्क्रूने बसवलं.

"खेळातून गेली ही," दौलतराव म्हणाले.

"पिछाडीचीच होती," पंत म्हणाले.

"वहिनी, या आता. काप लागला हाताला का वळायचा."

कुमुदिनीबाई उठायला तयार नव्हत्या. दौलतराव म्हणाले, "चाळीस वर्सं हिला हरवली मी, पन चौक सोडला नाय कदी हिनं." मग बाई उठल्या. नवव्या पावलाला त्यांचा हात माझ्यावर आला. बोटाने काप चाचपला. आणि त्या वळल्या.

तर मित्रांनो, सध्या मी इथे असते. चौकात आता माझ्या जागी एक खोडरबर उभा असतो आणि पंत म्हणतात की तो बरा लढतो. प्रभातकिरणच्या जागी पत्रे लागलेत. त्यांच्यावर ते हसणारं कुटुंब आहे आणि मागे पाण्याने भरलेला खड्डा. कुठली तरी मंजुरी अडकली आहे, असं सुयोग सांगतो. किती दिवस, ते त्यालाही माहीत नाही. पंतांना जो वेळ काढता आला नाही तो आता असा नुसता वाया चाललाय. मीनल दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहते. तिथलं छत वाजत नाही, एवढं मात्र खरं.

मी रोज सावकाश हरते. बाईंचा हात आताशा थरथरतो. काही सकाळी तो माझ्यावर येतो. काही सकाळी चार बोटं वरून निघून जातो, आणि पुढे भिंत आहे हे मला माहीत असतं. मला हाक मारता येत नाही. पुढे सरकता येत नाही. मी स्क्रूवर आहे.

तुम्हाला मात्र हात आहेत, म्हणून एक मागणं. तुमच्या घरात कुणी अंधारात चालत असेल, तर खुर्ची सरकवल्यावर ती परत जागेवर ठेवा. चप्पल वाटेत सोडू नका. आणि घर बदलायची वेळ आलीच, तर टाइल्स नंतर बघा, आधी त्यांची पावलं मोजा.

आज रविवार आहे. चार वाजलेत. बाहेर दौलतरावांची तुकडी पुन्हा कुठल्या तरी चिखलात अडकली आहे. आत्ताच कुमुदिनीबाई आल्या, मला चाचपलं, आणि वळायच्या आधी क्षणभर थांबून ओरडल्या, "अहो, रशिया हरला का?"

बाहेरून पंतांचा आवाज आला.

"अजून नाही."